नवव्या महिन्यातच का?

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या गावांत लसीकरणाच्या दिवसाला वेगळीच घाई येते. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते, ट्रॅक्टर ठरलेला असतो, भांडीकुंडी पोत्यात भरलेली असतात. ऊसतोडीला निघालेल्या टोळीबरोबर तान्ही मुलेही निघतात. अशाच एका दिवशी अंगणवाडीच्या ओसरीवर एक बाई आठ महिन्यांचे बाळ मांडीवर घेऊन नर्सबाईंपुढे बसली होती.

"ताई, गोवराची सुई आजच द्या की. चार दिसांनी टोळी निघंल, मग उन्हाळ्याशिवाय गावाकडं येणं न्हाई."

नर्सबाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिले. "नऊ महिने भरले नाहीत गं अजून. आत्ता नाही देता येत."

"एका महिन्यानं काय बिघडतंय? नवव्या महिन्यातच का?"

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी त्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी होतो. मी म्हणालो, "नियम तसाच आहे. कारखान्यावर पोचलात की तिथल्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवा, ते टोचतील." मी सांगितले त्यात चूक काही नव्हती, पण तिने विचारले होते 'का' आणि मी सांगितले 'कुठे'. तिने कार्ड पदरात गुंडाळले आणि ती उठून गेली. ते उत्तर माझ्याकडे राहून गेले.

पुढच्या वर्षांत तोच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येत राहिला. दीड महिन्यालाच का? एकदा दिली ती पुन्हा कशाला? पाच वर्षांचा झाला, शाळेत जातो, आता काय सुई? दहावी-अकरावीतल्या मुलाला लस? आणि आजी-आजोबांकडून, थोडे संकोचून, "आमच्या वयाला काही असते का हो?" या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपल्या शरीराला आठवण असते आणि त्या आठवणीची स्वतःची चाल असते. ती कधी धरते, कधी पक्की होते, कधी विरत जाते, हे ज्याच्या त्याच्या रोगाप्रमाणे आणि वयाप्रमाणे ठरते. कार्डावरच्या तारखा त्या चालीवरून बेतलेल्या आहेत. पुढची प्रकरणे एकेका लशीची माहिती देतात. त्याआधी ही आठवण म्हणजे काय, ते इथे सांगायचे आहे.

आजारातून उठलेल्या माणसाला तोच आजार सहसा पुन्हा गाठत नाही, हे माणसाला फार पूर्वी ठाऊक होते. इसवी सनापूर्वी ४३० मध्ये अथेन्समध्ये मोठी साथ आली, तेव्हा बरे झालेली माणसेच आजाऱ्यांची सेवा करत होती. त्यांना तो आजार पुन्हा जिवावर बेतण्याइतका होत नसे, असे थ्युसिडिडीस या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पण ही आठवण किती वर्षे टिकते, हे कळायला एक विलक्षण योगायोग जुळून यावा लागला.

उत्तर अटलांटिक महासागरात डेन्मार्कच्या ताब्यातली फेरो नावाची बेटे आहेत. १७८१ मध्ये तिथे गोवराची साथ येऊन गेली. वस्ती विरळ, जहाजांची ये-जा बेताची. त्यामुळे त्यानंतर पासष्ट वर्षे गोवर त्या बेटांवर फिरकला नाही. १८४६ च्या वसंतात कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तो परत आला आणि काही महिन्यांत ७,८०० च्या आसपास लोकवस्तीतली सुमारे ६,००० माणसे अंथरुणाला खिळली. पीटर लुडविग पानुम हा २५ वर्षांचा डॉक्टर सरकारने तिकडे पाठवला. तो बेटाबेटांवर हिंडला, घरोघर विचारत गेला, तारखा टिपत गेला. १७८१ मध्ये लहानपणी ज्यांना गोवर येऊन गेला होता असे बरेच म्हातारे तेव्हा हयात होते. त्यांच्यापैकी एकालाही या वेळी गोवर झाला नाही. त्यांच्याच वयाचे, पण त्या वेळी सुटलेले म्हातारे मात्र नातवंडांबरोबर आजारी पडले.

वैद्यकातल्या ज्या हकिकतींनी मला थक्क केले त्यांत ही पहिली. मधल्या पासष्ट वर्षांत गोवराने त्या माणसांना एकदाही आठवण करून दिली नव्हती. रक्तातल्या पेशी सतत जन्मतात आणि मरतात, त्वचा झडते, हाडेसुद्धा आतून बदलत राहतात. तरी लहानपणी एकदा भेटलेला शत्रू सत्तरीतल्या शरीराने दारातच ओळखला. अलीकडे, २००८ मध्ये, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतून वाचलेल्या नव्वदी ओलांडलेल्या माणसांचे रक्त तपासले गेले. त्या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी नव्वद वर्षांनंतरही त्यांच्या रक्तात फिरत होत्या.

आजाराची किंमत न मोजता ही आठवण मिळवता आली, तर? लसीकरणाचा सगळा इतिहास या एका इच्छेचा आहे. त्यातला एक महत्त्वाचा धागा आपल्या मुंबईतून जातो. देवीच्या रोगाने घरटी एखादे मूल जायचे किंवा आंधळे व्हायचे, शितळादेवीला नैवेद्य जायचा, आणि वाचलेल्याच्या चेहऱ्यावर वण राहायचे. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ रोजी गवळणीच्या हातावरच्या गोस्तनदेवीच्या फोडातला द्रव जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. सौम्य आजाराची ओळख भयंकर आजारालाही लागू पडते, हे त्याने दाखवले. तो द्रव इतक्या लांब भारतात आणायचा कसा? बर्फ नव्हता, शीतपेटी नव्हती. उन्हात तो वाटेतच निकामी व्हायचा. मग माणसाच्या दंडावरून माणसाच्या दंडावर अशी साखळी लावून तो व्हिएन्नामार्गे बगदाद, तिथून बसरा आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबईला आला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला तो टोचला गेला. भारतातले ते पहिले यशस्वी लसीकरण होय. तिच्या दंडावरच्या फोडातून मुंबईतल्या इतर मुलांना आणि तिथून पुण्याला, सुरतेला, पुढे देशभर तो पोचला. एका तीन वर्षांच्या मुलीच्या दंडाचे आपल्यावर एवढे ऋण आहे.

आपल्या भाषेत या घटनेची खूण उरली आहे. फोडातून झिरपणाऱ्या पाणीदार द्रवाला मराठीत 'लस' म्हणतात. तीच पुढे टोचण्याच्या औषधाची लस झाली. आणि टोचून घेण्याला आपल्याकडे कितीतरी वर्षे 'देवी काढणे' म्हणत. आजीच्या दंडावर दोन गोल, खोलगट वण असतात, ते त्या देवीचे. भारतातला देवीचा अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसाममध्ये सापडला, आणि ८ मे १९८० रोजी जगातून हा रोग गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. आजच्या तरुणांच्या दंडावर जो एकच लहान वण दिसतो तो क्षयावरच्या बीसीजीचा. देवीचे वण ज्यांच्या दंडावर आहेत त्या पिढीने जो रोग पाहिला तो त्यांच्या नातवंडांना पाहावा लागला नाही, याचे लशीवाचून दुसरे कोणतेही कारण नाही.

आता या आठवणीचे घर कुठे आहे ते पाहू. लस दंडात किंवा मांडीत टोचली की तिचे अंश जवळच्या लसिका ग्रंथीत जातात. दंडात टोचले तर काखेत, मांडीत टोचले तर जांघेत. तिथे पांढऱ्या पेशींची दाटी असते. त्यांतल्या बी पेशींपैकी प्रत्येकीजवळ एकाच आकाराची किल्ली असते, आणि लाखो आकारांतून एखादीचा आकार त्या अंशाशी थोडासा जुळतो. जिचा जुळला तिचीच वाढ होते, एकीच्या शेकडो होतात. ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी ही निवडीची कल्पना १९५७ मध्ये मांडली आणि पुढे ती खरी ठरली.

खरी नवलाची गोष्ट यापुढे आहे. वाढणाऱ्या या पेशी आपल्या किल्लीच्या आकारात मुद्दाम बारीक बारीक बदल करत जातात. बदलून जी जास्त घट्ट बसेल ती टिकते, जी सैल पडेल ती मरते. टी पेशी या निवडीवर देखरेख ठेवतात. हे घडवणे काही आठवडे चालते. शेवटी दोन प्रकारच्या पेशी उरतात. काही अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षे, काही बाबतीत जन्मभर, थोडी थोडी प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) रक्तात सोडत राहतात. हा पहारा कायम जागा. दुसऱ्या स्मृतिपेशी. त्या काही बनवत नाहीत, रक्तातून आणि ग्रंथींतून शांतपणे फिरत असतात. तोच जंतू पुन्हा आला की त्या काही दिवसांतच फौज उभी करतात. पहिल्या खेपेला हेच काम व्हायला दोन आठवडे आणि अधिक लागलेले असतात.

हे लक्षात घेतले की कार्डावरचे आकडे बोलू लागतात. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने अशा तीन वेळा पंचगुणी लस देतात, कारण ती घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या पाच जंतूंचे मेलेले किंवा निर्विष केलेले तुकडे देते. ते शरीरात वाढत नाहीत, म्हणून एका ओळखीने भागत नाही. दोन डोसांत निदान चार आठवडे जावे लागतात, कारण मधल्या काळात ग्रंथीत ते घडवण्याचे काम चालू असते. घाईने आठ दिवसांत दुसरा डोस दिला तर तो त्याच कामात बुडून जातो. आणि दीड वर्षाचा बूस्टर? तोवर स्मृतिपेशी चांगल्या मुरलेल्या असतात, त्यांना हाक मारली की पहिल्या तीन डोसांपेक्षा कितीतरी जास्त प्रतिपिंडे येतात. म्हणून 'तीन झाले, आता पुरे' म्हणत दीड वर्षाला न आणलेल्या मुलाची आठवण पक्की होण्याआधीच सोडून दिलेली असते. आरोग्य केंद्रांत मी सर्वांत जास्त गाळलेला डोस पाहिला तो हाच.

आता त्या बाईचा प्रश्न. नवव्या महिन्यातच का?

बाळ जन्मते तेव्हा त्याच्याजवळ आठवण जवळजवळ नसते, पण आईची शिदोरी असते. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेतून आईच्या रक्तातली प्रतिपिंडे बाळाकडे जातात. जन्मल्यावर चिकाच्या दुधातून वेगळ्या प्रकारची प्रतिपिंडे आतड्यांचे रक्षण करतात. आईला लहानपणी गोवर आला असेल किंवा तिने लस घेतली असेल, तर तिचा पहारा काही महिने बाळाच्या रक्तात उभा असतो. पण उसना पहारा टिकत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी तो अर्ध्यावर येतो.

गोवराची लस मात्र जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. तिला बाळाच्या शरीरात थोडे वाढावे लागते, तरच ओळख पटते. आईची प्रतिपिंडे अजून भरपूर असताना ती टोचली, तर ती प्रतिपिंडे लशीच्या विषाणूलाच आवरतात. सुई टोचली जाते, कार्डावर नोंद होते, पण आठवण धरत नाही. उलट फार थांबले, तर आईचा पहारा उठलेला आणि स्वतःचा अजून बसलेला नाही अशी उघडी खिडकी राहते, आणि गोवर तिथूनच आत येतो. नऊ महिने ही त्या दोन धोक्यांमधली तडजोड आहे. ती सगळ्या बाळांना सारखी लागू पडत नाही, म्हणूनच नऊ महिन्यांना टोचलेल्या शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी बाळांनाच पुरते संरक्षण मिळते. सोळा ते चोवीस महिन्यांतला दुसरा डोस मुख्यतः उरलेल्या पंधरांसाठी असतो. तुमचे बाळ त्या पंधरांत आहे की नाही, हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. म्हणून तो सर्वांना द्यायचा.

मी तिला हे सांगायला हवे होते. आणि हेही, की जिथे गोवराची साथ भडकलेली असते आणि नऊ महिन्यांच्या आतली बाळेही आजारी पडत असतात, तिथे सहा महिन्यांनंतर एक जादा डोस देतात. पण तो हिशेबात धरत नाहीत, नऊ महिने भरल्यावर नेहमीचा डोस पुन्हा द्यावा लागतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीपासून सुरू झालेल्या गोवराच्या साथीत, आणि मग मालेगाव, भिवंडीकडे तो पसरल्यावर, असेच करावे लागले. त्या साथीत मुले दगावली. त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत लस मिळालीच नव्हती किंवा अर्धवट होती.

गोवराविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपल्याकडे 'गोवर येऊन गेला की मूल मोकळे होते' असे म्हणतात. गोवर नेमके उलट करतो. त्याचा विषाणू स्मृतिपेशींनाच गाठतो आणि मारतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचे गोवराआधीचे आणि नंतरचे रक्त संशोधकांनी ताडून पाहिले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांची इतर जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत पुसली गेलेली आढळली. पूर्वी झालेल्या सर्दी-खोकल्यांची, जुलाबांची, न्यूमोनियाची मिळवलेली ओळख गेली. गोवर उतरल्यावर महिनोन्‌महिने मूल सतत आजारी का पडते, हे आपल्या आज्यांना दिसत होते. आता त्याचे कारण कळले. गोवराची लस गोवर तर टाळतेच, मुलाने आधी कमावलेल्या बाकी आठवणीही राखते.

सगळ्या आठवणी सारख्या नसतात. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या संशोधकांनी काही माणसांचे रक्त अनेक वर्षे जपून मोजले आणि २००७ मध्ये आपले आकडे मांडले. गोवराविरुद्धच्या प्रतिपिंडांत घट जवळजवळ दिसेना. धनुर्वाताविरुद्धची मात्र सुमारे अकरा वर्षांत अर्धी होतात, घटसर्पाची सुमारे एकोणीस वर्षांत.

धनुर्वाताचे तर वेगळेच आहे. तो रोग होऊन माणूस वाचला, तरी त्याला त्याची आठवण राहत नाही. जंतूचे विष इतके जहाल की जेवढ्याने माणूस मरू शकतो तेवढेही पेशींना ओळख पटायला अपुरे पडते. धनुर्वाताची ओळख पटवायचा लस हा एकच मार्ग आहे. निसर्गाने दिलेली प्रतिकारशक्ती अधिक चांगली, असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो. दाईच्या हातून नाळ कापताना बाळाला धनुर्वात व्हायचा आणि आठवड्याच्या आत ते जायचे. गर्भारपणी आईला इंजेक्शन दिले की तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. या एका गोष्टीच्या आणि सुरक्षित बाळंतपणाच्या जोरावर २०१५ मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य झाले. आपल्याकडे त्या इंजेक्शनाला अजूनही टीटी म्हणतात. आता त्याची जागा टीडीने घेतली आहे, ज्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचाही अंश असतो.

तो अंश का घातला, याचे कारण आठवणीच्या शर्यतीत आहे. स्मृतिपेशींना जागे होऊन प्रतिपिंडे करायला काही दिवस लागतात. कावीळ ब शरीरात पसरायला बहुधा दोन-तीन महिने घेते. तोवर त्या पेशी सहज उठतात. म्हणून लहानपणी घेतलेल्या त्या लशीची प्रतिपिंडे पुढे रक्तात सापडली नाहीत तरी संरक्षण बहुतेकांत टिकून असते. घटसर्प मात्र दोन ते पाच दिवसांत घशात पडदा धरतो आणि त्याचे विष हृदयाकडे निघते. स्मृतिपेशी जागी होईपर्यंत उशीर झालेला असतो. तिथे रक्तात आधीपासून उभा असलेला पहाराच उपयोगी पडतो, आणि तो वयाबरोबर विरळ होतो. १९९० च्या दशकात सोव्हिएत संघ मोडला आणि लसीकरणाची घडी विस्कटली, तेव्हा तिथे घटसर्पाचे दीड लाखांच्या आसपास रुग्ण झाले, आणि त्यांत मोठ्या माणसांची संख्या फार होती. लहानपणी लस घेतलेली ती माणसे वर्षानुवर्षे बूस्टरविना राहिली होती. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडी आपल्या वेळापत्रकात आहे ती यासाठी.

म्हणजे लसीकरण पाळण्यापाशी संपत नाही. काही वेळा त्याचा लाभ वीस-पंचवीस वर्षांनी आणि दुसऱ्याच जिवाला मिळतो. जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, मुलीला झाला तर तीन दिवसांचे पुरळ, बाकी काही नाही. पण गर्भारपणी झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयातली छिद्रे घेऊन जन्मते. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांना १९४१ मध्ये आंधळ्या बाळांच्या आयांशी बोलताना हा दुवा सापडला. २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली, तेव्हा पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना लस दिली. शाळेच्या मैदानात रडत रांगेत उभी असलेली ती मुलगी ज्या बाळासाठी सुई घेत होती, ते अजून जन्मायचे होते.

आणि नागीण. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू जात नाही. तो मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या मुळांशी लपून बसतो. टी पेशींची आठवण त्याला वर्षानुवर्षे दाबून ठेवते. साठी-सत्तरीत, किंवा मधुमेहाने, स्टिरॉइडने, कर्करोगाच्या औषधांनी ही आठवण क्षीण झाली की तो त्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. कंबरेभोवती नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो, ही समजूत खोटी आहे. पुरळ गेल्यावरही मागे राहणारी आग मात्र खरी असते आणि म्हाताऱ्या माणसांना ती रडवते. त्यावर आता लस मिळते. ती महाग आहे, आणि ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्या आवाक्याबाहेर आहे, हे मला सलते. इन्फ्लुएंझाची लस वर्षावर्षाला घ्यावी लागते त्याचे कारण पुन्हा निराळे. आपली आठवण शाबूत असते, पण विषाणू आपला चेहरा बदलून येतो.

लोक घाबरतात, त्याविषयी. लस टोचल्यावर ताप येतो, मांडी सुजते, मूल रात्रभर किरकिरते, क्वचित झटका येतो, फार क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होते. म्हणूनच टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. हे आईला आधी न सांगणे म्हणजे पुढच्या डोसाला ती येणार नाही याची व्यवस्था करणे. मुंबईतल्या प्लेगच्या वेळी वाल्डेमार हाफकीन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. तरी १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी त्याच लशीच्या एका बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. हाफकीन यांच्यावर ठपका आला, त्यांना काम सोडावे लागले, आणि निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. त्या १९ माणसांमुळे लस खोटी ठरत नाही, पण बाटली उघडण्यापासून सुई टाकण्यापर्यंत प्रत्येक पायरीचे नियम किती कडक हवेत, हे त्यांनी जीव देऊन शिकवले. लसीकरणाविषयी लिहिणाऱ्याने ही हकिकत वगळू नये, असे मला वाटते. विश्वास लपवाछपवीने टिकत नाही. शितळादेवीला नैवेद्य दाखवणाऱ्या घराशीही मी कधी वाद घातला नाही. नैवेद्य दाखवा आणि सुईही द्या, एवढेच म्हटले.

ती ऊसतोडीची बाई चैत्रात परतली. बाळ आता चालत होते. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी तिने कार्ड काढले. ते दुधाच्या पिशवीत गुंडाळून, पाचटाच्या खोपटात छताला अडकवून ठेवले होते, असे ती म्हणाली. नवव्या महिन्यासमोर कोणा अनोळखी नर्सबाईच्या अक्षरात तारीख होती आणि कारखान्याजवळच्या केंद्राचा शिक्का होता. या खेपेला मी तिच्याजवळ खाली बसलो आणि आईच्या शिदोरीपासून सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग मला कुठली सुई राहिलीय?" माझ्याजवळ तिच्या लहानपणाची काहीच नोंद नव्हती. तिच्या आईकडेही नव्हती.

वाचकांना माझे सांगणे एवढेच आहे. मूल पाच वर्षांचे झाले की त्याचे कार्ड ट्रंकेत टाकून विसरू नका. आज ते शोधून काढा आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची टीडी टोचल्याची नोंद त्यावर आहे का पाहा. वय होऊनही नसेल तर मुलाला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. ती तिथे मोफत मिळते.